व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कशी मिळते?
अमेरिकेतील नातलगाने अर्ज केला असेल तर इकडील घराने काय तयारी ठेवावी

आपल्या व्यापारी आणि कारागीर कुटुंबांतील एखादा मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेला जातो, काही वर्षांनी तेथील नागरिक होतो आणि मग इकडील अब्बा-अम्मींना, भावाला किंवा बहिणीला कायमचे बोलावून घेण्यासाठी अर्ज करतो. अर्ज झाल्याचे कळताच घरात एकच प्रश्न सुरू होतो. मुलाखतीची तारीख केव्हा मिळणार? या प्रश्नाभोवती बाजारात अनेकांनी दुकाने थाटली आहेत. कोणी म्हणतो, वकिलातीत माझी ओळख आहे, पुढच्या महिन्याची तारीख काढून देतो. कोणी म्हणतो, अमुक रक्कम भरा, फाईल वर येईल. कापडाच्या धंद्यामुळे माझा भिवंडी-मालेगावपासून कोकणापर्यंत अनेक घरांशी संबंध येतो, आणि हल्ली गादीवर मालाच्या भावाबरोबर व्हिसाच्या गोष्टीही निघतात. त्यात माहिती थोडी आणि ऐकीव बाब जास्त असते. म्हणून हा विषय येथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच सांगतो की ही तारीख विकत मिळत नाही आणि मागूनही मिळत नाही. ती मिळण्यासाठी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. कायद्याने ठरविलेल्या रांगेत आपला नंबर लागला पाहिजे आणि आपले सर्व कागद पुरे व निर्दोष असले पाहिजेत. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि आपले लोक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात.

भेटीचा व्हिसा वेगळा, स्थायिक होण्याचा वेगळा

दोन्ही व्हिसांना मुंबईत मुलाखत होते, म्हणून लोक यांची गल्लत करतात. मुलाच्या घरी दोन महिने राहून परत येण्यासाठी जो व्हिसा लागतो, त्याचा अर्ज आपण स्वतः भरतो. डीएस-१६० नावाचा फॉर्म भरायचा, फी भरायची आणि सरकारी नियुक्त संकेतस्थळावर उपलब्ध असलेल्या तारखांतून तारीख निवडायची. येथे तारीख निवडणे अर्जदाराच्या हातात आहे, म्हणूनच येथे दलालांचा सुळसुळाट झाला. मार्च २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी दूतावासाने संगणकाच्या युक्त्यांनी अडवून ठेवलेल्या सुमारे २,००० तारखा रद्द केल्याचे जाहीर केले होते. अशा मार्गाने घेतलेली तारीख रद्द झाली तर दलालाला दिलेले पैसे कोणी परत करीत नाही.

कायमचे स्थायिक होण्याचा व्हिसा हा अगदी निराळा प्रकार आहे. त्यात अर्जाची सुरुवात अमेरिकेतील नातलग करतो आणि मुलाखतीची तारीख सरकार ठरवते. निवडण्यासाठी आपल्यासमोर तारखांची यादी येतच नाही. तेव्हा या व्हिसासाठी ‘लवकरची तारीख काढून देतो’ म्हणणारा मनुष्य आपल्याकडे नसलेली वस्तू विकत आहे, हे ओळखावे. पुढील सर्व माहिती याच व्हिसाबद्दल आहे.

कोण कोणाला बोलावू शकतो

अमेरिकेचा नागरिक आपला जोडीदार, मुले, आई-वडील आणि सख्खे भाऊ-बहीण यांच्यासाठी अर्ज करू शकतो. आई-वडिलांसाठी किंवा भावंडांसाठी अर्ज करणाऱ्याचे वय किमान २१ वर्षे असले पाहिजे. ज्याच्याजवळ फक्त ग्रीन कार्ड आहे, तो जोडीदार आणि अविवाहित मुले यांच्यासाठीच अर्ज करू शकतो. त्याला आई-वडील किंवा भाऊ बोलावता येत नाहीत. चाचा, मामू, खाला, भाचा, पुतण्या यांच्यासाठी स्वतंत्र अर्जाची सोय कायद्यात नाही. या अर्जाच्या फॉर्मचे नाव आय-१३० असे आहे.

नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि आई-वडील यांच्यासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अर्ज मंजूर झाला आणि कागद पुरे झाले की यांची मुलाखत लागू शकते. मात्र आई-वडिलांच्या अर्जात त्यांची इतर मुले येत नाहीत. अब्बा-अम्मींचा व्हिसा झाला म्हणून घरातील सोळा वर्षांची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. तिची व्यवस्था काय, हे अर्जाच्या वेळीच ठरविले पाहिजे.

रांग इतकी लांब का

बाकीच्या नात्यांना संख्येची मर्यादा आहे. नागरिकांच्या भावंडांसाठी वर्षाला ६५,००० व्हिसा ठेवले आहेत, आणि त्यांत भावंडांचे जोडीदार व मुलेही मोजली जातात. हे जगभरासाठीचे आकडे आहेत. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त व्हिसा जाऊ नयेत असा नियम आहे. हा देश जन्मस्थानावरून ठरतो, पासपोर्टवरून नव्हे. भिवंडीत जन्मलेला मनुष्य पुढे दुसऱ्या देशाचा नागरिक झाला तरी या रांगेत तो भारताच्याच खात्यात मोजला जातो.

त्याचा परिणाम असा की २०२५ सालीही भारतात जन्मलेल्या भावंडांपैकी २००६ सालात अर्ज झालेल्यांचाच नंबर चालू होता, म्हणजे जवळपास एकोणीस वर्षांची प्रतीक्षा. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक वर्गासमोर आणि देशासमोर एक तारीख दिलेली असते. आपला आय-१३० ज्या दिवशी सरकारदरबारी दाखल झाला, तो दिवस या तारखेच्या आधीचा असेल तर आपला नंबर लागला. ही तारीख पुढे सरकते, कधी थांबते आणि कधी मागेही जाते. हे पत्रक फुकट आहे, ते पाहण्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

इतक्या वर्षांत माणसांच्या आयुष्यात पुष्कळ काही घडते. अर्ज करणाऱ्या भावाचे निधन झाले तर त्याचा अर्ज आपोआप रद्द होतो. माणुसकीच्या कारणाने तो पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही.

मुलांच्या वयाचा हिशेब

भावाच्या अर्जावर त्याची अविवाहित आणि २१ वर्षांखालील मुले बरोबर जाऊ शकतात. रांगेत एकोणीस वर्षे गेल्यावर पुष्कळ मुले या वयाच्या पुढे जातात. यावर थोडा दिलासा देणारा एक कायदा अमेरिकेने २००२ साली केला. त्याचा हिशेब असा आहे. नंबर लागला त्या दिवशी मुलाचे जे वय असेल, त्यातून आय-१३० मंजूर होण्यास लागलेला काळ वजा करायचा. उरलेले वय २१ पेक्षा कमी असेल तर मूल पात्र ठरते.

समजा, अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत चार वर्षे गेली. नंबर लागला तेव्हा थोरला मुलगा २६ वर्षांचा आणि धाकटी मुलगी २४ वर्षांची होती. थोरल्याचे हिशेबी वय २२, म्हणून तो बाहेर पडला. धाकटीचे हिशेबी वय २०, म्हणून ती पात्र आहे. पण यासाठी दोन अटी आहेत. नंबर लागल्यापासून एक वर्षाच्या आत व्हिसासाठी पाऊल उचलले पाहिजे, म्हणजे फी भरली पाहिजे किंवा फॉर्म दाखल केला पाहिजे. दुसरी अट अशी की मूल अविवाहित असले पाहिजे. मुलीचा निकाह झाला की त्या दिवसापासून ती आई-बापाच्या अर्जातून बाहेर पडते. हे माहीत असून निकाह लावणे हा घराचा निर्णय आहे. चांगले स्थळ आले असता अनिश्चित व्हिसासाठी मुलीला वर्षानुवर्षे थांबवणे योग्य आहे का, याचाही विचार आई-बापांनी करावा. फक्त तो माहितीच्या आधारावर व्हावा, नंतर पस्तावा नको.

मंजुरीनंतर फाईल कोठे जाते

आय-१३० मंजूर झाला की फाईल न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तेथे प्रकरणाला क्रमांक पडतो. मुंबईच्या प्रकरणांचा क्रमांक बीएमबी या तीन अक्षरांनी सुरू होतो. या क्रमांकासोबत आणखी एक पावती क्रमांक मिळतो आणि या दोन्हींच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर आपले प्रकरण उघडता येते. हे दोन क्रमांक म्हणजे आपल्या तिजोरीच्या किल्ल्या आहेत. ते दलालाच्या डायरीत नव्हे, आपल्या घरात असले पाहिजेत.

येथे एक व्यवहारी सूचना करतो. सर्व पत्रव्यवहार ई-मेलने होतो. पुष्कळ ठिकाणी फॉर्मवर एजंटाने स्वतःचा ई-मेल लिहिलेला असतो. पुढे एजंट दुकान बंद करतो आणि आलेली पत्रे कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. नंबर लागल्याची सूचना मिळूनही वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर प्रकरण बंद करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. तेव्हा ई-मेल घरातील माणसाचाच द्यावा. अमेरिकेतील नातलगाचा आणि इकडील एका जबाबदार मुलाचा पत्ता दिलेला उत्तम.

यानंतर दोन फी भराव्या लागतात. व्हिसाच्या अर्जाची फी माणशी ३२५ डॉलर आणि जामीनपत्राच्या तपासणीची फी एका प्रकरणाला १२० डॉलर. या फीचे दर बदलतात, म्हणून भरण्यापूर्वी सरकारी पानावर खात्री करून घ्यावी. मग प्रत्येक जाणाऱ्या व्यक्तीचा डीएस-२६० हा फॉर्म भरायचा. त्यात राहण्याचे पत्ते, नोकरी-धंदा, पूर्वीचे विवाह, मुले आणि गेल्या पाच वर्षांतील सोशल मीडियाची खाती हे सर्व विचारलेले असते. जे आहे तेच लिहावे. एखादे मूल लपविले, पहिला विवाह लपविला किंवा पूर्वी नाकारलेला व्हिसा लपविला आणि ते उघडकीस आले, तर अमेरिकेचा दरवाजा आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतो.

आपले कागद

खरी दिरंगाई येथेच होते. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशवार यादी आहे. कोणत्या देशाचा कोणता दाखला चालतो आणि तो कोणत्या कार्यालयातून घ्यावा, हे त्यात लिहिले आहे. ती यादी समोर ठेवूनच कामाला लागावे. आपल्या घरांत नेहमी ज्या अडचणी येतात त्या येथे देतो.

जन्माचा दाखला : आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वी घरी, दाईच्या हातून झालेल्या जन्मांची नोंद पुष्कळदा नसते. अशा वेळी नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व घरातील वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. नोंद असेल पण तीत फक्त ‘मुलगा’ लिहिलेले असेल, नाव नसेल, तर त्याच कार्यालयातून नाव चढवून घ्यावे. आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण उर्दू शाळेत झाले त्यांचे जुने दाखले उर्दूत असतात. त्यांचा इंग्रजी अनुवाद लागतो आणि अनुवाद अचूक असल्याचे अनुवादकाने सहीनिशी लिहून द्यावे लागते.

नावे : ही आपली सर्वात मोठी डोकेदुखी आहे. शाळेत ‘शेख अब्दुल रहमान’, रेशन कार्डावर ‘अब्दुल रेहमान शेख’, पासपोर्टवर ‘अब्दुलरहमान’ आणि अमेरिकेतील भावाच्या कागदावर बापाचे नाव आणखी निराळे. भावंडांच्या अर्जात आई किंवा वडील एकच आहेत हे सिद्ध करावे लागते, आणि दोन्ही भावांच्या दाखल्यांवर वडिलांचे नाव वेगवेगळे असेल तर नात्यावरच शंका येते. काहींच्या पासपोर्टमध्ये आडनावाचा रकानाच रिकामा असतो. अशांच्या अमेरिकी कागदांवर पहिले नाव अज्ञात असल्याची खूण येते आणि पुढे बँकेपर्यंत तोच त्रास चालतो. तेव्हा नंबर लागण्याची वाट न पाहता नाव पासपोर्टवर आणि दाखल्यांवर एकसारखे करून घ्यावे. गरज असेल तेथे राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे.

निकाह : काझीसाहेबांनी दिलेला निकाहनामा जपून ठेवावा, पण तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद होते. विवाह जुना असला तरी नोंद करून प्रमाणपत्र घ्यावे. आधीचा विवाह झाला असेल तर तो तलाकने किंवा मृत्यूने संपल्याचा पुरावा द्यावा लागतो.

पोलीस दाखला : सोळा वर्षांवरील प्रत्येकाला हा लागतो. भारताचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, स्थानिक पोलीस ठाण्यातून आणलेले पत्र चालत नाही. ज्याने आखातात किंवा अन्यत्र सोळाव्या वर्षानंतर एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ काढला असेल, त्याला त्या देशाचाही दाखला मागितला जातो. दाखला दोन वर्षेच चालतो. मात्र पूर्वी राहिलेल्या देशाचा असेल आणि त्यानंतर तेथे परत गेला नसाल तर जुना चालतो. आखातातून कायमचे परत येणाऱ्याने तेथे असतानाच हा दाखला काढून आणावा. परत आल्यावर तो मिळविणे फार कष्टाचे होते.

अमेरिकेतील नातलगाची जबाबदारी

अर्ज करणाऱ्या नातलगाला आय-८६४ हे जामीनपत्र द्यावे लागते. येणारी माणसे सरकारवर भार होणार नाहीत, अशी ती कायदेशीर हमी आहे. त्याचे उत्पन्न तेथील गरिबी रेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या कोष्टकानुसार चार माणसांच्या घराला हा आकडा वर्षाला सुमारे ४०,१८७ डॉलर होतो, आणि या चारांत त्याचे स्वतःचे कुटुंब व येणारी माणसे दोन्ही मोजली जातात. उत्पन्न कमी पडले तर तेथील दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहजामीन होऊ शकतो.

जामीन म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. ही सही औपचारिक नाही. येणारा मनुष्य नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती बांधून ठेवते. तेव्हा भावाकडून ही सही घेताना त्याच्या घराची परिस्थितीही लक्षात घ्यावी.

मग तारीख कशी लागते

फी, फॉर्म, जामीनपत्र आणि सर्व दाखले संकेतस्थळावर चढविले की सेंटर ते तपासते. काही चुकले असेल तर सुधारून मागते, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर पुन्हा तपासणीची वाट पाहावी लागते. सर्व ठीक असेल तर कागद पूर्ण झाल्याची सूचना येते. ही सूचना ज्या दिवशी आली, तो दिवस फार महत्त्वाचा आहे. मुंबईची वकिलात आपल्याकडे किती मुलाखती होऊ शकतात ते सेंटरला कळविते आणि सेंटर त्या जागा साधारणपणे ज्यांचे कागद आधी पूर्ण झाले त्यांना आधी देते. म्हणजे एकाच वर्गातील, एकाच महिन्यात नंबर लागलेल्या दोन भावांपैकी ज्याने निर्दोष कागद आधी दिले त्याची मुलाखत आधी होते. तारीख लवकर आणण्याचा एवढाच सरळ मार्ग आहे.

जीव धोक्यात असल्याची वैद्यकीय अडचण असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह घाईची विनंती करता येते, पण निर्णय वकिलातीचा असतो. शादी, शाळेचे प्रवेश किंवा धंद्याची घाई ही कारणे त्यात बसत नाहीत. मिळालेली तारीख गैरसोयीची असेल तर ती बदलून मागता येते, परंतु पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. तेव्हा हज, उमरा किंवा लांबचा प्रवास ठरविताना या काळात मूळ पासपोर्ट वकिलातीत द्यावा लागेल, हे ध्यानात ठेवावे.

आखातात असलेल्या नातलगाचे काय

पुष्कळदा ज्याच्यासाठी अर्ज झाला तो भाऊ सौदी किंवा कुवेतमध्ये नोकरीवर असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार मुलाखत अर्जदार जेथे राहतो तेथे किंवा तो ज्या देशाचा नागरिक आहे तेथे होते. सोयीचा तिसरा देश निवडता येत नाही. म्हणजे असा भाऊ राहत्या देशात मुलाखत देऊ शकतो किंवा मुंबईला येऊ शकतो. बायको-मुले भारतात आणि तो आखातात असेल तर कोठे मुलाखत द्यायची हे आधीच ठरवून सेंटरला कळवावे. नोकरी सुटून परत आला तर पत्ता बदलल्याचेही त्याच वेळी कळवावे.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीचा दिवस

तारखेचे पत्र आल्यावर वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी करायची असते, घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. लसीकरणाच्या नोंदी बरोबर न्याव्यात. पंधरा वर्षांवरील सर्वांच्या छातीचा एक्स-रे काढतात. यंत्रमागाच्या गावांतील आपल्या बांधवांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. एक्स-रेत क्षयाची शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या कल्चरला आठ आठवडे लागतात. क्षय निघाला तर पूर्ण उपचार होईपर्यंत व्हिसा थांबतो. तो कायमचा नाकारला जात नाही. पण ज्याला महिनोन्‌महिने खोकला आहे त्याने मुलाखतीच्या पत्राची वाट न पाहता आजच तपासून घ्यावे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी मुलाखतीपूर्वी वेगळी वेळ घ्यावी लागते. पत्रासोबतच्या सूचना शेवटपर्यंत वाचाव्यात. मुंबईची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मोबाईल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत. सर्व दाखल्यांच्या मूळ प्रती बरोबर असाव्यात. प्रश्न साधे असतात. भाऊ केव्हा गेला, काय करतो, घरात कोण कोण आहे. पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे. इंग्रजी येत नसेल तर आरंभीच सांगावे. एखादा कागद कमी असल्यास अधिकारी पत्र देऊन तो मागवितो. हा तात्पुरता नकार असतो आणि कागद देण्यास एक वर्षाची मुदत असते. घाबरून जाण्याचे कारण नाही.

धंदा विकण्याची घाई करू नये

आता आपल्या पानाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट. मुलाखतीचे पत्र आले की काही मंडळी माग विकतात, दुकानाची पागडी घेतात, उधारी मिळेल त्या भावात तोडतात. मुलाखतीची तारीख म्हणजे व्हिसा नव्हे. एखाद्या कागदासाठी, एक्स-रेसाठी किंवा अधिक चौकशीसाठी प्रकरण महिनोन्‌महिने थांबू शकते. त्या काळात माग गेलेला आणि गिऱ्हाईक तुटलेला मनुष्य घरात बसून काय खाणार? व्हिसा हातात पडेपर्यंत घर, दुकान विकू नये, नोकरी सोडू नये, तिकीट काढू नये, असे अमेरिकी सरकारच सांगते.

व्हिसा मिळाल्यावरही वेळ असतो. तो साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत चालतो, मात्र वैद्यकीय तपासणीची मुदत आधी संपत असेल तर तेवढाच. त्या अवधीत भागीदारीचा हिशेब लेखी करावा, येणे-देणे भागवावे, कामगारांची बाकी द्यावी आणि विश्वासू माणसाच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करावे. तिकडे राहण्यास गेल्यावर इकडील साधे बँक खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते, हेही बँकेला कळवावे.

काहींचा विचार असतो की ग्रीन कार्ड घेऊन ठेवू आणि धंदा भिवंडीतच करू. ग्रीन कार्ड हे तेथे राहणाऱ्यासाठी आहे. आधी परवानगी न घेता वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास ते धोक्यात येते. ज्याचे मन आणि कारोबार इकडेच आहे, त्याने मुलाच्या भेटीसाठी भेटीचा व्हिसा मागावा. त्या फॉर्ममध्ये, आपल्यासाठी कायमचा अर्ज कोणी केला आहे काय, असा प्रश्न असतो. अर्ज झाला असेल तर ‘होय’ असेच लिहावे.

दलालाला द्यायचे असतात तेवढे पैसे आणि वेळ आपण पासपोर्ट, जन्माचे दाखले आणि विवाह नोंदणी यांवर खर्च केला तर तारीख वेळेवर येते. फॉर्म भरण्यास मदत लागली तर जरूर घ्यावी, मोबदलाही द्यावा, पण सही करण्यापूर्वी काय लिहिले आहे ते वाचून किंवा वाचवून घ्यावे. नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक पावलापूर्वी ज्याचा पत्ता डॉट जीओव्हीवर संपतो अशा सरकारी संकेतस्थळावर खात्री करावी. ज्या घरात असा अर्ज झालेला आहे त्यांनी या आठवड्यात सर्वांचे दाखले एकत्र काढून नावे ताडून पाहावीत. नंबर लागण्यास दहा वर्षे असली तरी हे काम आजच होऊ शकते, आणि दाखला देणारी व साक्ष देणारी वडीलधारी माणसे आज हयात आहेत.